जोडप्यांना आधी

आमच्या आरोग्य केंद्रात नवरा भाड्यानं मिळतो. अगदी आत नाही, फाटकाबाहेर. तिथं आंब्याखाली मोटरसायकलवाले गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात आणि त्यांच्या शेजारी माझं टेबल असतं, चहा आणि मंडासीचं. मंडासी मी घरूनच तळून आणते. ज्या बाईला नवरा हवा असतो ती आधी माझ्याकडे येते, एक मंडासी घेते, खायची सोडून ती हातातच फिरवत बसते आणि मग हळूच विचारते, "नाफिरी, आज कोण मोकळा आहे?"

मी लिंबिकानीकडे बोट दाखवायचे. बाकीचे पोरगे नवरा म्हणून शोभत नव्हते, दात काढत आत जायचे. लिंबिकानीचा चेहरा कसा, मुलीच्या मामाला बघताक्षणी पसंत पडेल असा. इस्त्रीचा शर्ट तो पिशवीत घडी करून ठेवायचा आणि आत जाताना चढवायचा. एकदा एकाच आठवड्यात तो तीन बायकांचा नवरा झाला. तियांजाने नावाच्या सिस्टर त्याला म्हणाल्या, "काय हो, परत लग्न?"

"काय करणार सिस्टर, पसंत पडतो लोकांना."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुई काढली आणि म्हणाल्या, "बोट." लिंबिकानीइतकी एचआयव्हीची तपासणी अख्ख्या जिल्ह्यात कुणाची झाली नसेल.

सिस्टरना सगळं कळतं, पण त्या तरी काय करणार? भिंतीवर मोठं पोस्टर आहे. त्यात एक गुटगुटीत नवरा गरोदर बायकोच्या पोटावर हात ठेवून उभा आहे आणि खाली लिहिलंय, जोडप्यांना आधी. म्हणजे जी नवऱ्याला घेऊन येईल तिचा नंबर पहिला. जी एकटी येईल ती मागे. मागे म्हणजे किती मागे, तर कधी तपासणीच्या पट्ट्या संपतात, कधी सिस्टरना बाळंतपणाला बोलावणं येतं आणि मग एकट्या आलेल्या सगळ्याजणी पोटं सावरत घरी जातात. त्यात आमच्या गावप्रमुखानं आपली भर घातली. त्यानं जाहीर केलं की नवऱ्याशिवाय केंद्रात गेलेल्या बाईनं दंड म्हणून एक कोंबडी द्यायची. नवरा नेणं बाईचं काम, न आल्यास दंडही बाईला. नवऱ्याला कुणी काही म्हणत नाही.

हे पोस्टर लावणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. आमच्या वेळी फक्त बायकांची तपासणी व्हायची. पोट बाईचं, म्हणून रक्तही बाईचंच. ज्याला आधी कळलं त्यानंच रोग घरात आणला असा इथला न्याय आहे, आणि आधी कळायचं ते नेहमी बाईलाच. मी गोळ्या खाते ती तेव्हापासून. माझा दुसरा नवरा माझी भांडी वेगळी काढून मला म्हणाला होता, "हे तू आणलंस." तो गेला, मी आहे. तर अशा गोष्टी ऐकून मोठ्या शहरात कुणीतरी विचार केला की नवऱ्यांनाही बोलवावं. विचार चांगला होता. तो आमच्या गावात पोहोचेपर्यंत त्याची रांग झाली, आणि रांगेत बाई मागे.

मला या भाड्याच्या नवऱ्यांची गंमत वाटायची. एनेलेसीची पाळी आली तेव्हा ती गंमत संपली.

एनेलेसी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर माझ्याच अंगणात वाढली, आणि लग्न झाल्यावर तिचा नवरा फायसन आमच्याकडेच राहायला आला, कुंपणापलीकडच्या घरात, इथली रीतच ती. फायसन सरोवरावर होडी चालवतो. पहाटे होड्या लागतात तेव्हा किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात आणि मासळी कुणाला आधी द्यायची ते होडीवाले ठरवतात. पैसे सगळ्याजणींकडे असतात, पैशावर ते ठरत नाही. आदल्या रात्री कोण कुणाकडे होती त्यावर ठरतं, हे सगळा किनारा जाणतो आणि मूग गिळून बसतो. एनेलेसीची टोपली आधी भरायला लागली, मग लग्न झालं. तिच्याआधी दुसऱ्या कुणाकुणाच्या टोपल्या भरत होत्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं लोक आता म्हणतात. बोलून तिनं काय करावं, उसिपा वाळवणं सोडून द्यावं? घर त्याच बारक्या मासळीवर चालतं.

पोटाला पाच महिने झाले तरी तिची तपासणी झालेली नव्हती. दोनदा गेली, दोनदा मागे बसून परत आली. त्यात ती बारीक होत चालली होती, जिभेवर पांढरं यायचं, आणि हे मी ओळखते. तिलाही कळत होतं. पोटातल्या बाळाला वाचवायचं तर आईला गोळ्या वेळेत सुरू व्हायला हव्यात, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

एका संध्याकाळी एनेलेसीनं फायसनला गाठलं. तो अंगणात जाळं शिवत होता.

"तुमची सकाळ जाईल फक्त," एनेलेसी त्याला सांगत होती. "बाकावर बसायचं, बोटाला टोचतात, झालं."

"बायकांच्या बाकावर? उद्या म्हणशील तुझं चितेंजे कमरेला गुंडाळून बसा."

"बाकीचे येतातच की."

"कोण येतं? तो मास्तर येतो. त्याला काय, त्याची बायको त्याला बाजारातही पाठवते."

"पोस्टर लावलंय त्यांनी."

"मग त्या पोस्टरवरच्यालाच घेऊन जा. तो मोकळाच दिसतो."

मी कुंपणापलीकडून म्हटलं, "फायसन, अरे बाळासाठी."

तो लगेच उठून उभा राहिला. मोठ्यांचा मान राखण्यात तो कधी चुकत नाही. "मावशी, तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या तोंडाला मी लागणार नाही," म्हणाला आणि जाळं खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे निघून गेला. अशा माणसाशी भांडायचीही सोय नसते.

एनेलेसी चुलीपाशी बसली आणि मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत राहिली. "मावशी," ती म्हणाली, "लिंबिकानीला विचार."

नाव ऐकून लिंबिकानी मोटरसायकलचा आरसा पुसत राहिला. "फायसनची बायको?" तो म्हणाला. "दुसरी कुणी असती तर बरं झालं असतं, नाफिरी." मला वाटलं फायसनच्या मुठीला घाबरतोय. मी म्हटलं, वाळलेल्या उसिपाची टोपली देते, वर आठवडाभर चहा. त्यानं शर्ट चढवला आणि तिच्यामागून आत गेला.

दोघं लगेच आत घेतली गेली, कारण जोडपी आधी. मी फाटकातून बघत होते. बऱ्याच वेळानं एनेलेसी बाहेर आली आणि माझ्या टेबलामागे, लाकडाच्या ढिगावर बसली.

"मावशी, मला आहे."

मी किटली खाली ठेवली.

"त्याला नाही," ती म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला," म्हणाली आणि हसली. हसता हसता तिला रडू कोसळलं, आणि मी चितेंजेचं टोक तिच्या तोंडावर धरलं, कारण समोर बायका बघत होत्या. गोळ्यांची बाटली तिनं कापडात गुंडाळून पोटापाशी खोचली होती. सिस्टरनी पुढच्या खेपेपर्यंत पुरतील एवढ्याच दिल्या होत्या. निकाल सांगताना त्या लिंबिकानीला म्हणाल्या, बायकोचा हात धरा, आणि त्यानं धरला. मग त्याला बाहेर पाठवून त्यांनी एनेलेसीला हळूच सांगितलं, "पुढच्या वेळी खरा नवरा आण. याला गोळ्या देऊन काय उपयोग?"

लिंबिकानी तोंड धुऊन आला. टोपली घेतली नाही. मी चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच प्यायला. "नाफिरी, फायसन..." म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "काय फायसन?" "काही नाही," म्हणाला, आणि गाडीला लाथ मारून गेला.

त्यानं हात धरला ते दारातून फालेसीनं पाहिलं होतं. फालेसी मासळीवाली, तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. दुपारच्या आत किनाऱ्यावर बातमी पोहोचली की फायसनची बायको मोटरसायकलवाल्याचा हात धरून बसली होती. फायसन होडी सोडून घरी आला. त्यानं मारलं नाही, त्याहून वाईट केलं. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "पोटातलं कुणाचं आहे?"

रविवारी प्रार्थना झाल्यावर गावप्रमुखाच्या ओट्यासमोर पंचायत बसली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही खाली चटयांवर. एनेलेसीच्या बाजूनं बोलायला तिचा मामा, म्हणजे माझा भाऊ काडेवेरे आला होता, लग्नाची जबाबदारी त्याची. नवा कोट घालून आला, पण त्याला खरं काय ते माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते त्याच्या बायकोला कळलं असतं, आणि मग पंचायतीची गरजच उरली नसती. रोग एनेलेसीनं आणला, असा निकाल किनाऱ्यावरच लागला असता.

फायसन उभा राहिला. "माझी बायको दुसऱ्या पुरुषाला नवरा म्हणून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. अजून मी काय सांगू?"

"खरं आहे का?" गावप्रमुखानं विचारलं.

"खरं आहे," एनेलेसी म्हणाली.

"का नेलंस?"

"तपासणीसाठी. एकटीला मागे बसवतात."

"मग मागे बसायचं," गावप्रमुख म्हणाला. "एवढी घाई कसली होती?"

एनेलेसीनं मान खाली घातली. सगळे तिच्याकडे बघत होते. बोलावं तर रोग तिच्या नावावर, न बोलावं तर मूल परक्याचं. काडेवेरे मामा खाकरला, "पोरगी लहान आहे, चूक झाली," म्हणाला आणि बसला. त्या कोटाची मला चीड आली.

गावप्रमुखानं निवाडा सुरू केला. मूल जन्मल्यावर कुणासारखं दिसतं ते बघू. तोवर या बाईनं घराबाहेर पडायचं नाही, दवाखान्यातही नाही. नवरा नेईल तेव्हाच जायचं. एनेलेसीनं माझा हात घट्ट धरला. आमच्या दोघींच्या डोक्यात ती पिठाच्या मडक्यात लपवलेली बाटली होती. निम्मी झाली होती, आणि बाळंतपण अजून लांब होतं.

"मी बोलू?" लिंबिकानी मागून म्हणाला. त्याला आरोपी म्हणून बोलावलं होतं, तो खुर्चीवर नव्हता, उभाच होता.

"तुझी पाळी नंतर," गावप्रमुख म्हणाला.

"नंतर उपयोग नाही. मी या बाईला दवाखान्यात नेलं, कबूल. पण या घरातल्या दुसऱ्या माणसालाही मीच दवाखान्यात नेतो. डोंगरापलीकडच्या मिशनच्या इस्पितळात, दर महिन्याला. मागच्या दारापाशी सोडतो, कारण पुढं उतरायची लाज वाटते. बाटल्या खुळखुळू नयेत म्हणून कापूस घालून आणतो. मका कापल्यापासून चाललंय हे."

कुणी विचारलं नाही की कोण. फायसनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"खोटं आहे," तो म्हणाला, पण बसूनच म्हणाला.

"गिऱ्हाइकाचं कुणाला सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे," लिंबिकानी म्हणाला. "तो मी आज मोडला. पण त्या दिवशी मी या बाईचा हात धरला होता."

एनेलेसी चटईवरून उठली. पोटामुळे तिला एका हातानं जमिनीला रेटा द्यावा लागला. ती फायसनसमोर जाऊन उभी राहिली. तिथं बाई उभी राहत नाही, पण तिला कुणी अडवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

फायसननं पुढे आलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मका कापल्यापासून गोळ्या खाताय. मी दोनदा परत आले. दोन्ही वेळा तुम्ही विचारलंत, काय म्हणाले. दोन्ही वेळा मी सांगितलं, तपासणी झाली नाही. तुम्ही जेवलात आणि झोपलात. माझं जाऊ दे. पोटातल्याला तरी एक गोळी द्यायची होती."

"तू कधी विचारलंस मला?" फायसन म्हणाला.

मक्याच्या पिठाचा हिशोब विचारणारा माणूस, त्याला बायकोनं विचारायचं होतं की बाबा, तू मला मरण दिलंस का. एनेलेसी परत येऊन माझ्याजवळ बसली आणि माझ्या खांद्याला टेकली. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. फालेसी रडत होती. तिची टोपलीही एकेकाळी आधी भरायची.

मला वाटलं आता न्याय होईल. या वयातही मला असं वाटतं, याचं मलाच नवल आहे. गावप्रमुखानं खुर्च्यांवरच्यांशी बोलून निवाडा दिला. रोग ही देवाची गोष्ट, त्यावर पंचायत बोलणार नाही. खोटा नवरा झाल्याबद्दल लिंबिकानीला एक बकरा दंड. खोटा नवरा आणल्याबद्दल एनेलेसीला एक कोंबडी. यापुढे मोटरसायकलवाल्यांनी केंद्राच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि फायसननं बायकोला स्वतः दवाखान्यात न्यावं, म्हणजे गावाचं नाव राहील. दंड त्याला नव्हता. काडेवेरे मामानं कोटाची बटणं लावली आणि निवाडा चांगला झाला म्हणाला.

पुढच्या खेपेला फायसन आला. मान खाली घालून, तिच्या चार पावलं पुढे चालत. नेमकं त्याच दिवशी शहरातून पोस्टरवाल्यांची पांढरी गाडी आली होती. बरोबर आलेले नवरे त्यांनी रांगेत उभे केले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि प्रत्येकाला एक नारिंगी शर्ट दिला. शर्टावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मी सोबत आलो. फायसनला तो नीट बसला. एका बाईनं त्याचा फोटो काढला आणि त्याला म्हणाली, तुमच्यासारखे पुरुष हवेत. एनेलेसी त्याच्या मागे उभी होती, फोटोत तिचं फक्त पोट आलं असेल.

पहिला नंबर त्यांचा लागला. पहाटेपासून बसलेल्या एकट्या बायकांच्या समोरून ती आत गेली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "लाज वाटली ग मावशी त्यांच्या पुढून जाताना. पण पाय इतके सुजलेत, मागे जाऊन बसायचं बळच नव्हतं." सिस्टरनी भरपूर गोळ्या दिल्या होत्या. या वेळी तिनं बाटली कापडात लपवली नव्हती, हातात धरली होती. फायसनच्याही हातात बाटली होती, इथलीच. पुढच्या दारानं मिळालेली.

मी दोघांना चहा दिला. फायसन आंब्याखाली बसून पीत होता. मोटरसायकलवाले त्याच्यापासून जरा लांब सरकले होते, लिंबिकानी तर रस्त्याच्या पलीकडे उभा होता. तेवढ्यात एक पोरगी आली. नवखी होती, बेटावरच्या वस्तीतली असावी, पाय धुळीनं भरलेले, पोट चांगलंच दिसत होतं. तिनं एक मंडासी घेतली आणि हातात फिरवत राहिली.

"नाफिरी, लिंबिकानी कोण?"

"तो आता आत जात नाही," मी म्हटलं. "बंदी आहे."

"मग दुसरं कुणी?"

"कुणीच नाही, बाळा. नवरा कुठाय तुझा?"

मंडासी तिनं परत टेबलावर ठेवली, जशीच्या तशी, आणि आतल्या लांब बाकाकडे बघत राहिली.

एनेलेसीनं चहाचा कप खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. मिठाची पुडी शेजारणीला द्यावी तसं ती सहज म्हणाली, "माझा घेऊन जा. त्याच्याकडे शर्ट आहे, लगेच आत घेतील."

पोरीला वाटलं थट्टा चाललीय. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फायसनकडे. मोटरसायकलवाल्यांपैकी कुणीही हसलं नाही.

"पण सिस्टरनी आत्ताच मला तुझ्याबरोबर पाहिलंय..." फायसन म्हणाला.

"सिस्टर काही म्हणणार नाहीत," एनेलेसी म्हणाली. "फक्त हात धरा म्हणतील. धरा."

फायसन माझ्याकडे बघत राहिला, मी मोठी म्हणून मी काही बोलेन या आशेनं. मी किटलीवरचं झाकण नीट लावलं. मग तो उठला, नारिंगी शर्ट खाली ओढून सरळ केला आणि त्या पोरीच्या मागून फाटकातून आत गेला.

"मावशी," एनेलेसी म्हणाली, "अजून थोडा चहा दे. साखर जास्त घाल."